खड्या चढाची पायवाट आणि बेभरवशाचं आभाळ: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या मोठ्या चढाईला आम्ही तिघं होतो. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, असं पायथ्याशी ठरलं होतं. एक वाजला तेव्हा माथा समोर दिसत होता, म्हणून चालत राहिलो. जवळ गेल्यावर कळलं की तो नुसता उंचवटा होता आणि खरा माथा त्याच्या मागे आणखी दोनशे मीटर वर होता. सव्वादोनला वर पोचलो. दहा मिनिटांत ढग अंगावर आले आणि उतरायला लागलो तसा पाऊस सुरू झाला. सुती शर्ट घातलेला मित्र आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला, आणि थोड्या वेळाने त्याला सॅकची चेनसुद्धा उघडता येईना. धुक्यात आम्ही डोंगराच्या भलत्याच सोंडेवर (माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या फांदीवर) उतरलो. परत चढून खरी वाट सापडेपर्यंत अंधार पडला होता आणि तिघांत टॉर्च एकच होती. रात्री उशिरा पायथ्याला पोचलो. तिघंही धड होतो, पण मित्राचा तो गप्प झालेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

नंतर किती तरी वेळा त्या दिवसाची उजळणी केली. कपडे आणि टॉर्च या चुका घरीच झाल्या होत्या. मागे फिरायची वेळ ठरवली होती, पण माथा दिसल्यावर ती मोडायला आम्हाला एक मिनिटही लागलं नाही. दमलेल्या, भिजलेल्या माणसाचं डोकं वर नीट चालत नाही. म्हणून जेवढे निर्णय घरी आणि पायथ्याशी घेता येतात तेवढे तिथेच घ्या, कागदावर लिहा, आणि वर गेल्यावर ते पाळा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. वाट निवडताना किलोमीटर मोजू नका, चढ मोजा

‘सहाच किलोमीटर आहे’ हे वाक्य नवख्यांना फार फसवतं. सपाटीवरचे सहा किलोमीटर आणि नऊशे मीटर उंची चढणारे सहा किलोमीटर यांची तुलनाच होत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढलेल्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. या हिशोबाने सहा किलोमीटर आणि ९०० मीटर चढाईला साधारण पावणेतीन तास लागतात. पण हा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ झाला. पाठीवर सॅक, मधले थांबे, घसरडी वाट हे सगळं धरून पहिल्या वेळी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा, म्हणजे चार तास.

उतरायला निम्माच वेळ लागेल असं गृहीत धरू नका. खड्या, सुट्या दगडांच्या उतारावर चढाईइतकाच वेळ जाऊ शकतो. ओल्या वाटेवर तर नक्कीच.

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा बघायला शिका. रेषा जितक्या जवळ तितका चढ खडा, आणि एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहे. नकाशावर तीन गोष्टींवर खुणा करा: ओढे कुठे ओलांडायचे आहेत, कातळाचे टप्पे कुठे आहेत, आणि माथ्यापर्यंत न जाता कुठून कुठून सुखरूप खाली उतरता येतं. तिसरी खूण सगळ्यात कामाची. अशी एकही वाट नसेल, तर पहिल्या खेपेला दुसरा डोंगर निवडा.

२. अंदाज कसा वाचायचा

डोंगरात हवा इतकी पटकन का बदलते, हे कळलं की अंदाज वाचणं सोपं जातं. वारा डोंगराला अडला की हवा वर ढकलली जाते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात. म्हणजे डोंगर स्वतःच स्वतःचा पाऊस तयार करतो, आणि पायथ्याच्या गावी ऊन असतानाही माथ्यावर धो धो कोसळत असू शकतो. त्यात सकाळपासून ऊन उतारांना तापवत असतं. तापलेली हवा दुपारपर्यंत उंच चढते आणि गडगडाटी ढग बांधले जातात. पहाटे लवकर निघण्याचा आग्रह यासाठीच असतो.

आता अंदाजात काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, तो अंदाज कुठल्या उंचीचा आहे. बहुतेक ॲप पायथ्याच्या गावाचं तापमान दाखवतात. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली १८ अंश असतील तर बाराशे मीटर वर साधारण १० अंश, आणि तेही वारा न धरता.

दुसरं, वारा. नवखे लोक पावसाचं चिन्ह बघतात आणि वाऱ्याचा आकडा सोडून देतात. मी आधी वारा बघतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ६०-७० किलोमीटरच्या झोतात, दोन्हीकडे उतार असलेल्या अरुंद धारेवर तोल सांभाळणं कठीण होतं. अंदाजात सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन आकडे असतील तर झोताचा आकडा धरा.

तिसरं, तासातासाचा अंदाज. ‘दिवसभरात पावसाची शक्यता ४० टक्के’ यावरून काहीच ठरवता येत नाही. पाऊस सकाळी सातला येणार की दुपारी तीनला, यावर तुमचा सगळा बेत अवलंबून आहे.

चौथं थोडं पुढचं आहे, पण मला स्वतःला फार उपयोगी पडलं. अंदाजात तापमानाबरोबर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, दिलेला असतो. दोन्हींतला फरक काढा आणि त्याला १२५ ने गुणा. उत्तर येईल तेवढे मीटर वर ढगांचा तळ असेल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. पायथ्याला २४ अंश आणि दवबिंदू १८ असेल तर फरक सहा, म्हणजे पायथ्यापासून साधारण ७५० मीटरवर ढग. तुमचा माथा त्याहून उंच असेल, तर शेवटचा टप्पा धुक्यातून चालावा लागणार हे घरीच कळतं. हा हिशोब उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेच्या ढगांना लागू पडतो. पावसाळी हवेत सगळीकडे पसरलेल्या ढगांना तो लावू नका.

निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे, असा दोनदा अंदाज बघा. दोन वेगळ्या ठिकाणचे अंदाज जुळत नसतील तर वाईट अंदाज खरा मानून तयारी करा.

३. सामान

यादी छोटी आहे, पण यातली एकही गोष्ट ‘आज लागणार नाही’ म्हणून घरी ठेवू नका.

- अंगाला लागून असणारा कपडा सिंथेटिक किंवा लोकरीचा. सुती नको, जीन्स तर अजिबात नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं.
- त्यावर उबदार थर. फ्लीस चांगलं. पिसांचं जॅकेट कोरडं असेपर्यंत उत्तम, भिजलं की त्याचा गोळा होतो.
- सगळ्यात वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट, टोपीसकट. पाठीवर फडफडणारा पॉंचो वारा असताना धारेवर धोक्याचा असतो. पावसाची पँटही घ्या.
- कोरडे मोजे, हातमोजे, कानटोपी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. ही पिशवी चालताना उघडायची नाही, अडचणीतच उघडायची.
- खोल खाचांचे, आधी वापरलेले बूट. नवे कोरे बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका. तळ घासून गुळगुळीत झालेले बूटही ओल्या कातळावर निरुपयोगी.
- हेडटॉर्च, प्रत्येकाची वेगळी, जास्तीच्या सेलसकट. हातातली टॉर्च उतारावर एक हात अडकवून ठेवते.
- कागदी नकाशा पाणी न जाणाऱ्या पिशवीत, होकायंत्र, आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, पण नकाशा आधी उतरवलेला हवा.
- पॉवर बँक. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.
- शिटी. सॅकच्या पट्ट्याला बांधून, खिशात नव्हे.
- चंदेरी बचाव पांघरूण किंवा, त्याहून चांगली, आत शिरता येईल अशी जाड प्लॅस्टिकची बचाव पिशवी.
- प्रथमोपचार: पट्ट्या, क्रेप बँडेज, फोडांसाठी चिकटपट्टी, तुमची नेहमीची औषधं.
- पाणी, आणि न शिजवता, थंड हातांनीही खाता येईल असं खाणं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन हे धरून वाटेत कुठे भरता येईल ते आधी बघा.
- ट्रेकिंग पोल, जमल्यास दोन.

सॅकवरचं रेन कव्हर पुरेसं आहे असं समजू नका. पाठीकडून पाणी झिरपतंच आणि जोराच्या वाऱ्यात कव्हर उडूनही जातं. सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा.

४. कागदपत्रं आणि घरी ठेवायची चिठ्ठी

ओळखपत्र, परवानगी लागत असेल तर तिची छापील प्रत (मोबाइलवरची प्रत बॅटरी संपली की गेली), विम्याचा कागद असेल तर तो, आणि एका कार्डावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर. हे सगळं एकाच प्लॅस्टिक पाकिटात ठेवा.

घरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे चिठ्ठी ठेवून जा. तिच्यात कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती जण, जॅकेटचे रंग, परत आल्याचा निरोप किती वाजेपर्यंत येईल, आणि तो आला नाही तर त्या माणसाने किती वाजता कुणाला फोन करायचा, हे सगळं असू द्या. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. ‘उशीर झाला तर काळजी करू नकोस’ असं सांगून गेलात, तर शोध सुरू व्हायला अख्खी रात्र जाते. त्यामुळे ठरलेली वेळ मोकळी, वास्तवातली ठेवा आणि मग ती काटेकोर पाळा. बेत बदललात तर नेटवर्क मिळेल तिथून आधी कळवा.

५. मागे फिरण्याची वेळ

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

सूर्यास्ताची वेळ काढा. त्यातून उतरायला लागणारा वेळ वजा करा. मग आणखी दोन तास वजा करा. जे उरलं ती मागे फिरण्याची शेवटची वेळ. उदाहरणार्थ, सूर्यास्त साडेसहाला, उतरायला साडेतीन तास, वर दोन तास राखीव, म्हणजे दुपारी एक. अंदाजात दुपारी दोनपासून गडगडाट असेल, तर दोनच्या आत तुम्ही धारेवरून खाली आलेले हवेत, म्हणजे ही वेळ आणखी अलीकडे येते. दोन्हींतली आधीची वेळ धरायची.

वेळेबरोबर अटीही लिहा. माझ्या कागदावर साधारण अशा असतात: पहिला गडगडाट ऐकला की वर जायचं नाही. समोरची पुढची खूण धुक्यात दिसेनाशी झाली की वर जायचं नाही. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा नाही. कुणीही एक जण ‘मला बरं वाटत नाही’ म्हणाला की सगळ्यांनी फिरायचं, कारण विचारत बसायचं नाही.

हा कागद पायथ्याशी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वर गेल्यावर ‘आता फिरूया’ म्हणणं फार जड जातं. भित्रा ठरण्याची भीती असते, इतरांचा दिवस वाया घालवल्यासारखं वाटतं. कागद आधी वाचला असेल तर कुणालाच भित्रं व्हावं लागत नाही, कागदावरची वेळ झालेली असते. घड्याळ बघायचं काम एका माणसाला नेमून द्या, आणि शक्यतो तो माणूस माथ्यासाठी सगळ्यात उतावीळ असलेला नसावा.

इथली तीन नेहमीची फसगत करणारी वाक्यं: ‘माथा समोरच दिसतोय.’ ‘इतक्या लांबून आलोय.’ ‘ते पुढचे लोक जाताहेत ना.’ पहिलं वाक्य आमच्याच तोंडी होतं. उंचवट्यामागे उंचवटा असतो, आणि खालून बघताना पुढचा उंचवटाच मागच्या माथ्याला झाकतो. तुम्ही आहात तिथली उंची आणि नकाशावरची माथ्याची उंची ताडून बघा, डोळ्यांवर विसंबू नका.

६. चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चाला, इतकं की मंदपणाचा कंटाळा येईल. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. खड्या चढावर पावलं छोटी ठेवा आणि पूर्ण तळवा टेका. चवड्यांवर चढलात तर तासाभरात पोटऱ्या भरून येतात आणि गोळे यायला लागतात. खूप खडा चढ असेल तर नागमोडी चढा.

निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. जाड जॅकेट घालून चढलात तर घामाने आतून भिजाल, आणि थांबलात की तोच घाम गार होऊन हुडहुडी भरवेल. थांबल्याबरोबर अंगावर एक थर चढवा, निघताना उतरवा. हे सारखं करायला कंटाळा येतो, तरी करा. पावसाचं जॅकेट पहिल्या थेंबांना घाला, भिजून झाल्यावर नव्हे.

तहान आणि भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत-खात राहा. पावसात थांबावंसं वाटत नाही, म्हणून लोक तासन्‌तास उपाशी चालतात. थंडीने गारठण्याची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते.

कातळाच्या टप्प्यावर दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवा, उरलेले तीन पक्के टेकलेले हवेत. धरायच्या दगडाला आधी हलवून बघा. जिथून खाली उतरता येईल याची खात्री नाही, तिथे वर चढू नका.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालू नये. दगड सुटला तर लगेच ओरडून सांगा.

आणखी एक सवय लावा: दर पंधरा-वीस मिनिटांनी मागे वळून बघा. उतरताना हीच वाट उलट्या बाजूने अगदी वेगळी दिसते. फाटा आला की थांबून मागचं दृश्य डोळ्यांत साठवा, मोबाइलवर फोटो काढा. आमची चुकलेली सोंड अशाच एका फाट्यावरची होती. चढताना तो फाटा आम्हाला जाणवलाही नव्हता, कारण खालून येताना दोन सोंडा एकत्र मिळत होत्या आणि वाट एकच वाटत होती.

७. आभाळ वाचत राहा

दर अर्ध्या तासाला थांबून वारा येतो त्या दिशेचं आभाळ बघा. तुम्ही डोंगराच्या आडोशाच्या बाजूने चढत असाल तर येणारं हवामान माथ्याआड लपलेलं असतं आणि ते धारेवर पोचल्यावरच दिसतं. अशा वाटेवर जास्त सावध राहा.

धोक्याच्या खुणा अशा. कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग सकाळी दहा-अकरालाच रुंदीपेक्षा उंच वाढू लागले, तर दुपार वाईट जाणार. माथ्यावर भिंगाच्या आकाराचा, जागचा न हलणारा ढग म्हणजे वर जोराचा वारा आहे. सूर्याभोवती खळं पडलं आणि आभाळ हळूहळू दुधाळ होत गेलं, तर पाऊस यायची शक्यता वाढते. वाऱ्याची दिशा अचानक बदलली आणि गार झोत आला, तर वादळ जवळ आहे. दाबमापक असलेलं घड्याळ असेल तर त्याचीही मदत होते: एकाच जागी मुक्काम असताना घड्याळ तुमची उंची आपोआप वाढलेली दाखवू लागलं, तर हवेचा दाब उतरतो आहे. दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीचे साधारण आठ ते दहा मीटर. रात्रीत चाळीस मीटरचा फरक दिसला तर मी सकाळी वर जात नाही.

विजेचं वेगळं सांगतो. चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. धार, माथा, एकटं झाड, लोखंडी रेलिंग आणि साखळ्या यांच्यापासून लगेच दूर व्हा आणि खाली उतरा. उथळ गुहेच्या किंवा पुढे आलेल्या कातळाच्या तोंडाशी बसू नका, वीज तिथून उडी मारून अंगातून जाऊ शकते. उतरायला वेळच नसेल तर सॅकवर उकिडवे बसा, दोन्ही पाय जुळवून. पाय फाकलेले असले तर जमिनीतून पसरणारा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. एकमेकांपासून लांब लांब बसा, म्हणजे एकाला धक्का बसला तर दुसरे मदतीला उरतील. अंगावरचे केस उभे राहिले किंवा काठीतून, पोलमधून गुणगुण ऐकू आली, तर त्या जागेवरून तत्काळ खाली व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जायचं नाही.

८. धुक्यात वाट हरवली तर

थांबा. सगळे एकत्र या, अंगावर कपडे चढवा, काही खा. मग नकाशा उघडा आणि शेवटची पक्की ओळखीची जागा कोणती ते आठवा. तिथपर्यंत जाणं शक्य असेल तर आल्या वाटेने मागे जा. ‘थोडं पुढे गेलं की सापडेल’ या आशेने प्रत्येक पाऊल तुम्हाला त्या जागेपासून लांब नेतं.

गुरांच्या किंवा जंगली जनावरांच्या वाटा माणसाच्या वाटेसारख्याच दिसतात आणि झुडपांत विरून जातात. वाट अचानक अरुंद झाली आणि खुणा बंद झाल्या, तर तीच शंका घ्या.

ओढा धरून खाली उतरायचा मोह टाळा. पाणी सरळ खाली जातं, कडा आला तरी जातं. घळीत उतरत गेलेली माणसं धबधब्याच्या माथ्यावर अडकतात, जिथून खाली जाता येत नाही आणि ओल्या कातळावरून वरही चढता येत नाही.

९. ओढा ओलांडताना

पावसात ओढे तासाभरात वाढतात, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या भागातल्या पावसाने लोंढा येऊ शकतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून सहज पार केलेला ओढा परतीला छातीएवढा असेल, हा विचार सकाळीच करा. पाणी एकदम गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं वाहून येऊ लागली किंवा आवाज वाढला, तर काठावरून वर व्हा.

ओलांडायचाच असेल तर सगळ्यात रुंद जागा शोधा, कारण तिथे पाणी उथळ आणि संथ असतं. धबधब्याच्या वर कधीही ओलांडू नका. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. पोलच्या दोऱ्या मनगटातून काढा. बूट घालूनच उतरा. तोंड प्रवाहाकडे ठेवून आडवी, छोटी पावलं टाका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, त्यामुळे मध्यावर पोचून ‘जमेल का’ असं वाटलं तर त्याच क्षणी मागे या. पाणी ओसरेपर्यंत काठावर बसून राहणं हा चांगला निर्णय आहे, रात्र काढावी लागली तरी.

१०. थंडी अंगात शिरली तर

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. दहा-बारा अंश, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं.

खुणा ओळखायला सोप्या आहेत: पाय अडखळतो, जीभ अडखळते, बोटं अडखळतात. माणूस चिडचिडा होतो किंवा गप्प होतो. ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कारण त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं. अधूनमधून चेन लावायला किंवा बुटाची नाडी बांधायला सांगा. जमलं नाही तर समजा. जोरात कापणारा माणूस काही न करता कापायचा थांबला, तर तो बरा होत नाहीये, प्रकृती आणखी ढासळते आहे.

वाऱ्याच्या आडोशाला न्या. ओले कपडे काढून ती बांधलेली कोरडी पिशवी उघडा. जमिनीवर थेट बसवू नका, खाली सॅक, दोर, पानं, काहीही घाला. बचाव पिशवीत त्याच्याबरोबर दुसऱ्या कोणी तरी बसा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड आणि कोमट काही प्यायला द्या. हातपाय चोळू नका, दारू मुळीच नको. बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा झापड येत असेल तर त्याला चालवत नेऊ नका, आडवं ठेवा आणि मदत मागा.

आमच्या मित्राला आम्ही चालवत नेलं. तो सावरला, पण ते आमच्या शहाणपणामुळे झालेलं नाही.

११. उतरताना

गुडघे किंचित वाकवून, छोट्या पावलांनी. शरीराचा भार मागे टाकू नका. भीतीने मागे झुकलं की टाच निसटते आणि माणूस पाठीवर पडतो. ओली मुळं, शेवाळलेला कातळ आणि ओलं गवत यांवर पाय देणं टाळा. पोलची लांबी उतारावर थोडी वाढवा. अंधार पडायच्या आधीच हेडटॉर्च डोक्याला लावा, सॅक उघडून शोधायची वेळ येऊ देऊ नका. गटातला सगळ्यात हळू माणूस पुढे, त्याच्या वेगाने सगळे.

१२. मदत मागायची वेळ आली तर

डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत असा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री टॉर्चचे सहा झोत. उत्तर मिनिटाला तीनचं असतं. उत्तर मिळालं तरी माणसं पोचेपर्यंत संकेत चालू ठेवा, कारण ती आवाजाच्या दिशेनेच येत असतात.

भारतासह अनेक देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा फोन लागू शकतो, तेव्हा प्रयत्न करा. आवाज पोचत नसेल तर मेसेज पाठवा, कमी रेंजमध्येही तो कधी कधी जातो. सांगायचं ते आधी कागदावर लिहून घ्या: ठिकाण आणि जीपीएसचे आकडे, किती जण, काय झालंय, तिथलं हवामान. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर तिरके पसरून उभे राहा, म्हणजे ‘मदत हवी’. एक हात वर, दुसरा खाली म्हणजे ‘नको’. नुसते हात हलवू नका, वैमानिकाला तो नमस्कारही वाटू शकतो.

१३. खाली आल्यावर

आधी घरी निरोप द्या. मग त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, वहीत चार ओळी लिहा: अंदाजात काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, प्रत्येक टप्प्याला किती वेळ धरला होता आणि किती लागला. तीन-चार वेळा लिहिलंत की नेस्मिथच्या हिशोबात तुम्हाला किती मिळवायचं, तुमचा स्वतःचा आकडा, हाती येतो. मला अजूनही निम्मा वेळ मिळवावा लागतो, पावसात पाऊणपट. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा, आणि ती कोरड्या कपड्यांची पिशवी उघडली असेल तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरून, बांधून सॅकच्या तळाशी ठेवा.